बीजघराचं दार

सकाळी आठला यामिनी कापगतेनं बीजघराच्या बाहेरचे दोन्ही पारे वाचले आणि वहीत लिहायच्या आधी पुन्हा एकदा वाचले. साधा पारा छत्तीसवर होता. त्याच्या शेजारचा, ज्याच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं तो, बत्तीसवर. मृग लागून आठवडा झाला होता. आभाळ गच्च भरलेलं, तलावावर वाफ धरलेली आणि वारा म्हणाल तर औषधालाही नाही.

"बत्तीस," ती मागे वळून म्हणाली.

ओट्यावर बसलेला तिचा सासरा, केवळराम, वाकून चपलेचा पट्टा लावत होता. त्याचा हात थांबला. "काल किती होता?"

"या वेळेले तीस होता, मामाजी."

म्हाताऱ्यानं पट्टा आवळला. ओल्या फडक्याचं गणित त्यानं सुनेकडूनच समजून घेतलं होतं आणि मग कन्हारटोल्यात घरोघरी सांगत फिरला होता. माणसाचं अंग म्हणजे असंच ओलं फडकं. घाम सुकतो, सुकताना अंगातली उष्णता सोबत नेतो, म्हणून भंडाऱ्याकडची माणसं पंचेचाळीसच्या उन्हातही वावरात उभी राहू शकतात. पण हवाच पाण्यानं तुडुंब भरलेली असली, तर घाम सुकत नाही, नुसता वाहतो. ओला पारा पस्तिसाला टेकला की धडधाकट गडीसुद्धा सावलीत बसून, पोटभर पाणी पिऊन, काही तासांत संपतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि तान्ह्या लेकरांना पस्तिसाची वाट पाहावी लागत नाही. एकतीस-बत्तीस त्यांना पुरतं.

परवापासून वीज नव्हती. साऱ्या जिल्ह्यानं एकाच वेळी पंखे आणि यंत्रं लावली आणि तारांचं जाळं बसलं. यामिनीचा नवरा खेमराज वीजजोडणीच्या कामावर गोंदियाला अडकला होता, त्याचा फोनही लागत नव्हता. तलावात जाऊन बसलेल्या पोरांनी सांगितलं की पाणी अंगासारखंच लागतंय. आणि या सगळ्यात टोल्यातली एकच इमारत थंड होती. छतावरच्या सौर पट्ट्यांवर आणि आपल्या बॅटऱ्यांवर चालणारं बीजघर. आत चौदा अंश, हवेत ओलावा तीस टक्के.

हे बीजघर केवळरामच्या चाळीस वर्षांच्या भटकंतीवर उभं होतं. तरुणपणी तो सायकलवर गावोगाव फिरायचा. कोणाच्या कणगीत जुनं धान शिल्लक आहे, कोणत्या म्हातारीनं सणापुरता एक वाफा राखलाय, हे शोधायचा आणि मूठभर मागून आणायचा. असे दोनशे सतरा वाण त्यानं जमवले होते. काही सुवासिक, काही काळ्या टरफलाचे, काही बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, गाळात आठ दिवस बुडूनही न मरणारे. पुढे उन्हाळे असे तापू लागले की घरातल्या मडक्यांत ठेवलेलं बियाणं दोन वर्षांत मरू लागलं. बी हे झोपलेलं जीवच असतं. उष्णता आणि ओल त्याला झोपेत चाळवतात आणि त्याची शिदोरी संपवतात. त्यातला ओलावा एका टक्क्यानं वाढला की आयुष्य निम्मं होतं, हवा पाच अंशांनी तापली की त्याचं आणखी निम्मं.

म्हणून आठ वर्षांपूर्वी ही इमारत बांधली. तिच्या भिंती दुहेरी होत्या आणि दोन भिंतींच्या मध्ये पातळ पडद्यांचे थर होते. पडद्याच्या एका बाजूनं आतली हवा वाहायची, दुसऱ्या बाजूनं कडक खारं पाणी. पडद्यातून ना हवा जायची ना पाणी, फक्त वाफ जायची. खारं पाणी हवेतली वाफ पिऊन घ्यायचं, मग छतावर जाऊन उन्हात तापायचं, प्यायलेलं बाहेर सोडायचं आणि पुन्हा तहानलेलं होऊन खाली यायचं. धान साध्या मांजरपाटाच्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर वाणाच्या नावाची चिठ्ठी, पिशव्या लोखंडी मांडण्यांवर. वेगळ्या बरण्या कशाला, ही आख्खी इमारतच बरणी आहे, असं बांधणारे म्हणाले होते. विद्यापीठानं हवाबंद डबे दिले होते, पण चाळीसच. बाकीचे पुढच्या वर्षी येणार होते. तीन पुढची वर्षं येऊन गेली होती.

बीजघराचा कारभार केवळरामनं मुलाकडे दिला नाही, सुनेकडे दिला. "खेमराज भिडस्त आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. "कोणी मागतलं का देऊन टाकंल. यामिनी नाई म्हणू शकते."

दहा वाजता सरपंच शीला नान्हे आली. तिचा चेहरा लाल झाला होता, पदर अंगाला चिकटला होता.

"यामिनीताई, दार उघडा जी. पंचायतीच्या फोनवर निरोप आला, चार दिवस हे असंच राहणार आहे. दवाखाना अठरा किलोमीटर, अन् तिथं वऱ्हांड्यातही जागा नाई. शाळेचे पत्रे तापले. म्हाताऱ्या माणसाइले कुठं नेऊ?"

"किती जण आहेत?"

"सारा टोला. एकशे बारा."

यामिनीनं मनात हिशेब केला, तिला तो करावाच लागला. बसलेला माणूस तासाला लहान पेलाभर पाणी नुसत्या श्वासातून आणि कातडीतून हवेत सोडतो. एकशे बारा माणसं म्हणजे तासाला अर्धी बादली. खारं पाणी तासाला दोन लिटर पिऊ शकत होतं, कारण घर बांधलं होतं ते दिवसातून अर्धा तास दोन माणसांसाठी. पण खरी भीती ती नव्हतीच. पिशव्या चौदा अंशांवर होत्या. दार उघडलं की बाहेरची वाफाळ हवा त्यांच्यावर येणार आणि थंड तांब्यावर धरतं तसं प्रत्येक पिशवीवर दव धरणार. दव म्हणजे पाणी, आणि भिजलेलं धान परत झोपत नाही.

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता, एक हात दारावर ठेवून.

"दुपारून वारा सुटते," केवळराम म्हणाला. "दरवर्षी सुटते. दोनपर्यंत थांबव, बाई."

"बाबाजी, माणसं..." शीला म्हणाली.

"मी माणसाइले नाई म्हनत नाई. थांबा म्हनतो."

यामिनीला एक कारण हवं होतं, आणि ते तिच्या शिक्षणानं तिला ताबडतोब दिलं. "शीलाताई, चार तास द्या," ती म्हणाली. "थंडीचं यंत्र बंद करते अन् आत कोरडी हवा फिरवते. दोनपर्यंत पिशव्या बत्तीसपर्यंत येतील. मग दव धरणार नाही. माणसंही वाचतील, बियाणंही. तोवर सगळ्यांना शाळेत बसवा, अंगावर ओले कपडे टाका."

शीलानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. ती विज्ञान शिकलेली नव्हती, आणि यामिनी शिकलेली होती. ती परत गेली.

त्या वेळात यामिनी स्वस्थ बसली नाही, हे खरं आहे. तिनं यंत्राच्या झडपा फिरवल्या, पंखे लावले, चाळीस डबे पुसून ओळीनं मांडले. "कोणते चाळीस भरू, मामाजी?" तिनं विचारलं. केवळराम मांडण्यांच्या मधून चालत गेला. एका पिशवीवर हात ठेवी, उचली, परत ठेवी. अर्ध्या तासात त्यानं तीन निवडले. मग म्हणाला, "तू भर. माझ्यानं होत नाई." तिनं डोळे मिटल्यासारखं करून पहिल्या मांडणीवरचे सदतीस भरले.

बाराला ओला पारा चौतीसवर गेला. वारा सुटला नाही.

साडेबाराला शाळेकडून आरडाओरडा ऐकू आला आणि मग एकदम शांत झालं. शीला धावत आली नाही, चालत आली.

"सयाबाई गेली," ती म्हणाली. "मोतीरामची माय. घाम येनं थांबलं होतं तिचं, मंग बडबडली, मंग गेली."

सयाबाई मारबते. तलावातली मासळी डोक्यावर घेऊन अर्धं आयुष्य या दारावरून गेलेली बाई. यामिनीनं कडी काढली आणि दाराचे दोन्ही पल्ले भिंतीपर्यंत ढकलले. पिशव्या त्या वेळी फक्त बावीसपर्यंत आल्या होत्या.

माणसं आत आली. बायांनी लेकरं आधी पुढे केली, म्हाताऱ्यांना खाटांवरून आणलं. मांडण्यांच्या मधल्या अरुंद वाटांमध्ये सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसले. पहिल्या पाच मिनिटांत पिशव्यांचा पांढरा कपडा करडा झाला, दहा मिनिटांत खालच्या कडांवरून थेंब लोंबू लागले. एका लेकरानं बोट लावून थेंब चाटला. केवळरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पिशव्या पुसायला सुरुवात केली. एक पुसून दुसरीकडे वळेपर्यंत पहिली पुन्हा भिजायची. तो तिसऱ्या प्रहरापर्यंत पुसत राहिला. मग शीलानं त्याच्या हातातून दुपट्टा काढून घेतला आणि त्याला भिंतीशी बसवलं.

सगळ्यात शेवटी मोतीराम आला. आईला शाळेच्या खोलीत झाकून, दोन माणसांच्या मदतीनं सरण कुठं रचायचं ते ठरवून. चाळिशीचा, काळासावळा, रुंद हातांचा माणूस. यामिनी दारात होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, जागा शोधली आणि बसला.

दार लोटून थंडीचं यंत्र पुन्हा लावल्यावर आतली हवा एकोणतीस अंशांवर जाऊन थांबली. दमट होती, पण जगू देणारी होती. चार दिवस कन्हारटोला त्या एका खोलीत श्वास घेत राहिला. त्या चार दिवसांत आजूबाजूच्या गावांतून रोज बातम्या येत होत्या. कुठं सात, कुठं अकरा. कन्हारटोल्यात सयाबाईनंतर कोणी गेलं नाही. लोक यामिनीला पाणी आणून देत, बसायला जागा करून देत. एक म्हातारी तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्यामुळं वाचलो, बाप्पा." यामिनीनं हात सोडवून घेतला आणि उगीचच यंत्राजवळ जाऊन उभी राहिली.

सासरा-सून एकमेकांशी बोलत नव्हते. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिला वाटायचं, दार उघडलं म्हणून हा रागावलाय. तिलाही त्याचा राग होता, थांब म्हणाला म्हणून. आणि या दोन्ही रागांच्या खाली एक गोष्ट होती जी तिला पक्की ठाऊक होती. म्हाताऱ्यानं नुसती विनंती केली होती. चार तासांचा आकडा तिनं दिला होता.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटताना केवळराम तिच्याजवळ आला. त्याच्या तळहातावर पाच-सहा दाणे होते. प्रत्येकाच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा पांढरा ठिपका.

"मोड फुटले," तो म्हणाला. दोन दिवसांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. "आता हे थांबत नाई."

"वाळवून...?"

"फुटलेलं धान वाळवलं का मेलं. दोन-तीन दिवसांत पऱ्हे टाकले तर जगंल."

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला चिखल लागतो, पाणी लागतं आणि माणसं लागतात. पाणी तलावात होतं. माणसं इथं बसली होती. पहाटे पाच ते सात ओला पारा तिशीच्या खाली असायचा, तेवढ्या वेळात तरण्या माणसांना बाहेर काम करता येणार होतं. यामिनीनं उभं राहून हे सगळ्यांना सांगितलं. एकशे सत्त्याहत्तर वाण, प्रत्येकाचा वेगळा वाफा, एकात दुसरं मिसळता कामा नये.

आणि मग ती पहिली पिशवी उतरवायला गेली आणि तिला दिसलं की चिठ्ठीवर काही राहिलेलं नाही. शाईचा निळा ओघळ फक्त. तिनं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. केवळरामनं चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या एकशे अकरा माणसांच्या श्वासानं धुऊन निघाल्या होत्या. मांडणीचा नकाशा होता, पण पुसापुशीत पिशव्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या.

"आण इकडं," केवळराम म्हणाला.

तो दाराशी उजेडात बसला. पिशवी समोर आली की चिमूटभर धान तळहातावर घेई. टरफलाचा रंग पाही, कुसळ चाचपी, एक दाणा दातानं फोडून वास घेई. "लुचई. ही देवरीकडची." शीला नव्या पाटीवर कोळशानं लिही. "हे काळं, आखूड... हे बोडीतलं, बुडीत चालणारं. मासे मारणाऱ्या एका ढिवरानं देलं होतं, नाव बुडका." कधी तो डोळे मिटून बराच वेळ थांबे आणि मग त्याला दाण्याचं नव्हे, देणाऱ्या बाईचं नाव आठवे, तिचं अंगण आठवे, आणि त्यावरून धान आठवे. माणसं रांगेत उभी राहून आपापली पिशवी घेऊन जात. दोन पहाटा हे चाललं. तेवीस पिशव्यांवर तो अडला. त्या त्यानं दोनदा, तीनदा मागवल्या. शेवटी म्हणाला, "हे गेले माझ्या डोक्यातून. बिननावानं टाका."

पाचव्या दिवशी दुपारी आभाळ मोकळं झालं, वारा फिरला, आणि लोक आपापल्या घरी गेले.

मोतीरामनं पिशवी नेली नव्हती. त्याला धानाची बांधी, म्हणजे शेतच नव्हतं, बाप-आज्यापासून तलावावर पोट. त्याच संध्याकाळी यामिनी उरलेली एक बिननावाची पिशवी घेऊन त्याच्या झोपडीकडे गेली. तो जाळं विणत होता. तिनं पिशवी खाली ठेवली आणि येताना घोकलेलं एका दमात सांगून टाकलं.

"मोतीरामभाऊ, मी दहाले दार उघडू शकत होते. चार तास मीच मागितले. बियाण्यासाठी."

"मले मालूम आहे," तो म्हणाला. त्यानं गाठ आवळली. "शाळेत शीलाबाईनं सांगतलं होतं, दोन वाजता उघडते म्हनून. माय विचारे, वाजले का रे दोन? मी म्हनो, होतेच आहे."

यामिनी तिथं उभी राहिली. त्यानं तिला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ती निघाली. पिशवी तिथंच होती.

त्यानं ती पेरली, हे तिला भादव्यात कळलं. तलावाचं पाणी मागे हटतं त्या गाळात, कोणाची मालकी नसलेल्या पट्टीवर. दिवाळीच्या सुमारास धानं निसवली आणि कापणीला आली तेव्हा हिशेब लागला. नाव लागलेले एकशे एकोणचाळीस वाण उभे राहिले. बिननावाचे तेवीसच्या तेवीस उगवले. पंधरा फुटले आणि रोपातच गेले. डब्यातले चाळीस शाबूत होते. विद्यापीठाचे लोक आले, मोटारीतून उतरून म्हणाले, पंधराच गेले हा चमत्कार आहे. केवळरामनं त्या पंधरांची नावं एका कागदावर लिहून खिशात ठेवली होती. तो कागद त्यानं त्यांना दाखवला नाही.

मोतीरामच्या पट्टीतलं धान उंच आणि तांबूस लोंबीचं निघालं. केवळराम काठी टेकत तिथवर गेला, लोंबी हातात धरून उभा राहिला आणि त्यानं मान हलवली. ओळख पटली नाही. यामिनी सोबत होती. तिच्या मनात होतं ते तिनं बोलून दाखवलं.

"याला सयाबाईचं नाव देऊ या."

"नको," मोतीराम लगेच म्हणाला. "माय माझी होती. धान तुमचं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मले नाव नाई पायजे, ताई. मले हे सांगा, पुढच्या वक्ताले दार कोन उघडंल? तुम्हीच? आधी हिशेब करून?"

पंधरवड्यानंतर यामिनीनं उत्तर कागदावर आखलं. बाहेरचा ओला पारा आणि दाराची कडी तारेनं जोडायची. पारा ठरलेल्या अंशाला पोचला की कडी आपोआप निसटेल, कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. धोक्याची सूचना आदल्या दिवशी मिळाली तर पिशव्या हळूहळू तापवून ठेवायच्या. नाही मिळाली तर दव धरू द्यायचं.

हे ठरवायला टोल्याची बैठक बीजघराच्या अंगणात भरली. यामिनीनं कागद वाचला. "ओला पारा एकतीस झाला की दार उघडेल."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे बियाणं पुन्हा भिजंल. अन् पुढल्या वक्ताले मोड येऊन जमिनीत पाणीच नसंल तर? बाबाजीची चाळीस वर्षं गेली ना मंग." बऱ्याच माना हलल्या. तेही खोटं नव्हतं.

केवळराम बाजेवर बसला होता. पावसाळ्यापासून त्याची छाती भरून यायची, तो फार बोलत नसे. आता तो उठला. सुनेनं आधाराला हात दिला, तो त्यानं घेतला.

"सयाबाई गेली त्या दिवशी थांबा म्हननारा मी होतो," तो म्हणाला. "यामिनीनं हिशेब केला, पन तिले हिशेब करायले लावनारा मी. हे मी आजवर बोललो नाई. वारा येईल म्हनलो. मले मालूम होतं का वारा येत नाई." त्याला खोकला आला. "एकतीस नोको. तीस लिव."

"तीस तर आता दर साली होते, मामाजी," यामिनी हळूच म्हणाली. "कधी कधी दोनदा."

"होऊ दे. दर साली दार उघडंल, तर दर साली पेरा. घरोघरी दोन दोन वाण वाटून घ्या अन् वावरातच ठेवा. मी चाळीस वर्षं लोकाइच्या वावरातूनच आणलं होतं ना?"

यामिनीनं एकतीसचा आकडा खोडला आणि वर तीस लिहिलं. ती सह्यांसाठी शीलाकडे कागद देणार, तोच अंगणाच्या टोकाला उभा असलेला मोतीराम माणसांतून वाट काढत पुढे आला. त्यानं तिच्या हातून लेखणी घेतली, कागद बाजेवर ठेवला आणि वाकून, एकेक अक्षर जोर देऊन, आपलं नाव सगळ्यात वर लिहिलं. मग लेखणी केवळरामच्या हातात दिली आणि म्हातारा सही करेपर्यंत कागदाचा कोपरा धरून उभा राहिला.